पगार मागण्याआधी मालकाची वही वाचा: अमेरिकेतल्या ॲथलेटिक ट्रेनरसाठी

२०२१ च्या जूनमध्ये पहिल्या नोकरीचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीत, एडिसनच्या एका देशी किराणा दुकानात कढीपत्ता निवडत होते. पलीकडून एचआरच्या बाईंनी आकडा सांगितला: वर्षाला ४७,००० डॉलर. मी मनातल्या मनात बारानं भागलं, चौऱ्याहत्तरनं गुणलं. महिन्याला तीन लाखांच्या आसपास! सांगलीला फिजिओथेरपीची पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा पहिल्या क्लिनिकनं बारा हजार देऊ केले होते. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ‘हो’ म्हणून टाकलं, वर दोनदा थँक्यूही.

वर्षभरानं कळलं की त्याच आठवड्यात, त्याच हॉस्पिटलात, त्याच पदावर लागलेल्या मैत्रिणीला ५०,५०० मिळतात. तिनं केलं होतं एवढंच, की ‘दोन दिवसांत कळवते’ म्हणाली आणि आठ ओळींची ईमेल लिहिली. साडेतीन हजारांचा फरक. दरवर्षीची तीन टक्के वाढ मूळ पगारावर मिळते, त्यामुळे फरकही सोबत फुगत जातो. चार वर्षांत तो साडेचौदा हजार डॉलरांच्या पुढे गेला.

हे तिनं मला सांगितलं ते जेवणाच्या सुट्टीत, दार लावून, कुजबुजत. कुजबुजायची गरज नव्हती. खासगी नोकरीत सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलण्याचा हक्क अमेरिकेत १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्यापासून आहे. सरकारी शाळा-विद्यापीठांना तो कायदा लागू नाही, पण तिथले पगार बहुतेक ठिकाणी सार्वजनिकच असतात. आपण मात्र पगार म्हणजे घरातली गोष्ट, अशा समजुतीत वाढलेलो.

हा लेख त्या आठ ओळींच्या आधी काय करायचं याबद्दल आहे.

आधी, हे काम नेमकं काय?

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी काका विचारतात, ‘म्हणजे जिममध्ये शिकवतेस का?’ नाही काका. ॲथलेटिक ट्रेनर हा आरोग्यसेवेतला परवानाधारक व्यवसाय आहे. मैदानावर दुखापत झाली की पहिली धावणारी व्यक्ती ती. दुखापत टाळणं, ओळखणं, तातडीचे उपचार, मग खेळाडूला पुन्हा खेळण्यालायक करणं, हे सगळं त्यात येतं. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीच्या मैदानात डमार हॅमलिन हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू हृदय बंद पडून कोसळला, तेव्हा त्याला तिथेच सीपीआर देणारे डेनी केलिंग्टन हे त्याच्या संघाचे, बफेलो बिल्सचे, सहायक ॲथलेटिक ट्रेनर होते. त्यानंतर काही दिवस सगळ्या देशाला आमचा व्यवसाय माहीत होता. मग पुन्हा ‘जिममध्ये का?’ सुरू झालं.

अमेरिकन मेडिकल असोसिएशननं या व्यवसायाला १९९० मध्ये मान्यता दिली. आता या क्षेत्रात यायचं तर मास्टर्स पदवी लागते, बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनची परीक्षा लागते, दर दोन वर्षांना पन्नास युनिटं सतत शिक्षण दाखवावं लागतं. कॅलिफोर्निया सोडून बाकी सगळ्या राज्यांत सरकारी नियमन आहे. हे पाठ करून ठेवा, कारण पगार ठरवणाऱ्या माणसाच्या मनातही बहुधा तो जिमवालाच असतो.

एवढं शिकून पगार कमी का?

अमेरिकी कामगार सांख्यिकी ब्युरोच्या मे २०२४ च्या आकड्यांनुसार ॲथलेटिक ट्रेनरचा मध्यम पगार वर्षाला ६०,२५० डॉलर होता. म्हणजे निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी. फिजिकल थेरपिस्टचा मध्यम पगार त्याच वेळी १,०१,०२० होता. भारतातून फिजिओ होऊन आलेल्यांना हा फरक फार बोचतो. गुडघा तोच, बोटं तीच.

फरक बोटांत नाही, बिलात आहे. फिजिकल थेरपिस्टनं अर्धा तास काम केलं की त्याचं बिल विमा कंपनीकडे जातं. माझ्या अर्ध्या तासाचं बिल बहुतेक वेळा कुठेच जात नाही. २०१७ पासून ॲथलेटिक ट्रेनिंगच्या तपासणीसाठी वेगळे बिलिंग कोड आहेत, पण मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, आम्हाला पैसे देत नाही, आणि शाळेच्या मैदानात उभं राहून सहाशे मुलांवर नजर ठेवण्याचा कोडच नाही. ज्या कामाची पावती फाटत नाही, ते मालकाच्या वहीत खर्चाच्या बाजूला बसतं. त्यामुळे पगाराची बोलणी करायला जाण्याआधी पहिला प्रश्न ‘मी किती मागू?’ हा नव्हे. माझं काम कुणाच्या वहीत, कुठल्या रकान्यात लिहिलं जातं, हे आधी शोधायचं.

आणि वही कुणाची, हेच अनेकांना धड ठाऊक नसतं. मी रोज हायस्कूलला जाते, टी-शर्टवर शाळेचं बोधचिन्ह, मुलं मला शाळेचीच समजतात. पगाराच्या चेकवर नाव मात्र हॉस्पिटलचं. हॉस्पिटल किंवा ऑर्थोपेडिक क्लिनिक शाळेशी करार करतं आणि आपला ट्रेनर तिथे नेमून देतं. दुसरा प्रकार म्हणजे शाळा थेट नेमते. तिसरा कॉलेजचा: तिथे प्रवास फार, शनिवार-रविवार गेलेलेच, पण फीमाफीसारख्या सवलती असतात.

माझ्या वहीचा शोध मला अगदी अनपेक्षित जागी लागला. सरकारी शाळांच्या बोर्डाच्या बैठकांचं इतिवृत्त शाळेच्या वेबसाइटवर असतं. कंटाळवाणं वाचन; छपराची दुरुस्ती, बसचं कंत्राट, कुणाची तरी प्रसूतीची रजा. एका रात्री वाचत गेले आणि सापडलं: ‘ॲथलेटिक ट्रेनिंग सेवेसाठी’ शाळा हॉस्पिटलला वर्षाला देते ती रक्कम. माझ्या पगारापेक्षा ती कमी होती! आरोग्यविमा आणि निवृत्तीचा हिस्सा धरला तर फारच कमी. म्हणजे हॉस्पिटल माझ्यावर दरवर्षी चक्क तोटा सोसत होतं. आधी मी घाबरले. मग विचार केला, इतकी हिशेबी माणसं तोट्याचा करार दरवर्षी नव्यानं का करतात?

उत्तर मैदानाच्या कुंपणावर होतं. तिथे हॉस्पिटलच्या नावाचा वीस फुटी फलक आहे. ज्या आईच्या मुलाचा खांदा मी मैदानावर तपासला, ती पुढच्या डॉक्टरसाठी पहिला फोन कुठे करेल? एमआरआय, सर्जन, शस्त्रक्रिया, मग तीन महिने फिजिओ. ही सगळी बिलं हॉस्पिटलच्या वहीत येतात, पण वेगवेगळ्या विभागांच्या नावावर. माझ्या नावापुढे फक्त खर्च.

ज्यांना शाळा थेट नेमते, त्यांची वही वेगळी. न्यू जर्सीत ते बहुतेक शिक्षकांच्या वेतनश्रेणीत बसतात. आपल्याकडच्या शिक्षकांच्या श्रेणीसारखंच: टप्पे ठरलेले, पदवीनुसार रकाना ठरलेला, करार युनियननं केलेला. तिथे तुम्ही एकट्यानं घासाघीस करायला जागा थोडी, पण जी आहे ती मोलाची: नेमणुकीच्या वेळी कुठल्या टप्प्यावर बसवणार? आधीचा अनुभव किती वर्षं धरणार? एकदा खालच्या टप्प्यावर बसलात की तिथूनच एकेक पायरी चढायची. आणि शिक्षकाच्या वेळेबाहेरच्या कामाचा वेगळा भत्ता ठरतो, तो हंगामभर पडणाऱ्या कामाच्या मानानं असायला हवा. हे करार न्यू जर्सीच्या पब्लिक एम्प्लॉयमेंट रिलेशन्स कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. शेजारच्या चार गावांचे करार उघडून ट्रेनरचा भत्ता पाहिला की एका संध्याकाळीत बाजारभाव कळतो.

आकडा कुठून आणायचा

देशाचा मध्यम आकडा घेऊन जाऊ नका. साहेब म्हणतील, ‘तो देशाचा, आपला भाग वेगळा.’ ब्युरोच्या त्याच संकेतस्थळावर राज्यानुसार आणि महानगरानुसार आकडे मिळतात, तेही टक्केवारीच्या थरांत. पाच वर्षं अनुभव असेल तर तुम्ही तळच्या थरात का, हा प्रश्न रास्त आहे. कामगार खात्याचं ‘प्रीव्हेलिंग वेज’ (त्या भागातलं प्रचलित वेतन) शोधायचं पानही फुकट आहे. ते एच-वन-बी साठी बनवलंय, पण कुणीही वापरू शकतं. आपल्या कामासाठी, आपल्या भागात, चार पातळ्यांचे पगार तिथे दिसतात. पहिली पातळी नवशिक्यांची. व्हिसावर असाल तर हे मुद्दाम बघा: तुमचा अर्ज कुठल्या पातळीवर भरला होता, आणि आज तुम्ही करता ते काम अजून त्याच पातळीचं आहे का? व्हिसावरच्या माणसाला वाटतं, आपण मागूच नये, उगाच कागद अडकतील. भीती खोटी नाही, मीही तीन वर्षं त्याच भीतीत काढली. पण व्हिसानं ठरतो तो किमान पगार, कमाल नाही.

आता अनेक राज्यांत जाहिरातीतच पगाराची किमान-कमाल मर्यादा छापावी लागते. कोलोरॅडोत २०२१ पासून, मग कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क. आमच्या न्यू जर्सीत १ जून २०२५ पासून. याचा फायदा फक्त नोकरी शोधणाऱ्याला नाही. तुमच्याच हॉस्पिटलनं तुमच्याच पदाची नवी जाहिरात काढली आणि तिची खालची मर्यादा तुमच्या आजच्या पगाराच्या वर असेल, तर याहून भक्कम कागद दुसरा नाही. छापून ठेवा.

न्यू जर्सीत २०२० पासून नव्या मालकाला तुमचा जुना पगार विचारायलाही मनाई आहे. आपणहून सांगू नका. आपली माणसं मोकळेपणानं सांगून टाकतात, आणि मग ऑफर त्या आकड्याला खिळून बसते.

तासांचा हिशोब

आता माझं सगळ्यात आवडतं हत्यार: दोन डॉलरांची डायरी. २०२३ च्या ऑगस्टपासून मी रोज तीन गोष्टी लिहिल्या. किती वाजता आले, किती वाजता गेले, आज काय झालं.

तोवर पगार ४९,८०० च्या पुढे गेला होता. त्या वर्षाअखेरीस तिसरी वाढ धरून ५१,३५८. कागदावर वर्षाचे तास २,०८०, म्हणजे आठवड्याला चाळीस. त्या हिशोबानं तासाला २४ डॉलर ६९ सेंट. डायरी मात्र सांगत होती की ऑगस्ट ते जून चव्वेचाळीस आठवडे मी सरासरी त्रेपन्न तास काम केलं, उन्हाळ्यातले पाच आठवडे वीस-वीस, आणि तीन आठवडे सुट्टी. एकूण २,४३२ तास. तासाला २१ डॉलर १२ सेंट. त्याच वर्षी दुसऱ्या शाळेच्या शनिवारच्या स्पर्धेला रोजंदारीवर आलेल्या ट्रेनरला तासाला ४५ मिळाले होते. काम तेच, टेप तीच.

‘मग ओव्हरटाइम का नाही?’ हा प्रश्न मलाही पडला होता. अमेरिकेत आठवड्याला चाळीसच्या वर काम झालं तर दीडपट पगाराचा कायदा आहे, पण ‘लर्न्ड प्रोफेशनल’ (उच्च शिक्षण लागणारा व्यावसायिक) ठरलेल्या, ठरावीक पगारावरच्या माणसाला तो लागू होत नाही, आणि फेडरल नियमांत या सवलतीच्या उदाहरणांत ॲथलेटिक ट्रेनरचं चक्क नाव घेऊन उल्लेख आहे. अट अशी की पगार आठवड्याला किमान ६८४ डॉलर हवा. ही मर्यादा २०२४ मध्ये वाढवली होती, पण नोव्हेंबरात टेक्सासच्या फेडरल न्यायालयानं ती वाढ रद्द केली. काही राज्यांची स्वतःची मर्यादा याहून बरीच वर आहे, ती तपासून घ्या. आणि तासावर पैसे मिळत असतील तर ही सवलत मालकाला सहसा वापरता येत नाही. चाळीसच्या पुढचा तास दीडपटच. थोडक्यात, माझ्यासारखीला कायद्यानं ओव्हरटाइम मागता येत नव्हता. पण तासांचा कागद समोर ठेवायला कायदा आड येत नाही.

‘काही झालं नाही’ हे कसं दाखवायचं?

जानेवारीतला एक शनिवार डायरीतून देते. कुस्तीची स्पर्धा, जिममध्ये सहा मॅट. सकाळी सहाला विजेरी घेऊन मुलांची कातडी तपासली: मानेवर, काखेत, गुडघ्यामागे. दोघांना गजकर्ण. एकाच्या कागदावर डॉक्टरची सही नव्हती, त्याला बाहेर ठेवला. त्याचा कोच माझ्याशी दिवसभर बोलला नाही. मग अकरा वेळा नाकातलं रक्त, एक सुजलेला कान, एक निखळलेलं बोट. दुपारी एक मुलगा डोक्यावर आपटला; उठून हसत म्हणाला, ठीक आहे मी. मी त्याला महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगितली. तो सप्टेंबरवर अडकला. त्याला पुन्हा मॅटवर जाऊ दिलं नाही. त्याच्या वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांचं शेत बळकावलंय.

(आमच्या सांगलीकडच्या तालमीत हे सगळं एक वस्ताद आणि एक हाड बसवणारा मिळून सांभाळत. त्यांनाही कुणी पगार विचारला नसेल.)

त्या दिवसाचा निकाल काय? काही झालं नाही. गजकर्ण पसरलं नाही, मेंदूला दुसरा मार बसला नाही. न घडलेल्या गोष्टी मालकाला दिसत नाहीत, म्हणून घडलेल्या गोष्टी मोजायच्या. वर्षाच्या शेवटी माझ्याकडे एका पानाचा कागद होता: किती तपासण्या, किती उपचार, किती कन्कशन (मार बसून मेंदूला झालेली इजा) पकडली आणि नियमाप्रमाणे टप्प्याटप्प्यानं परत आणली, किती स्पर्धा सांभाळल्या, किती वेळा मुलाला आणीबाणी विभागात पाठवावं लागलं नाही कारण मीच बघून सांगितलं की उद्या डॉक्टरला दाखवलं तरी चालेल. नोंदी सॉफ्टवेअरमध्ये वेळच्या वेळी भरत असाल तर हा कागद अर्ध्या तासात निघतो. नसाल भरत तर आजपासून भरा. आठवणीतून काढलेल्या आकड्यांना वजन नसतं.

हॉस्पिटलच्या वहीसाठी आणखी एक ओळ होती: आमच्या डॉक्टरांकडे गेलेल्या मुलांची संख्या. इथे फार जपून. ती संख्या फक्त कामाची व्याप्ती दाखवायला द्यायची. ‘मी इतके पेशंट आणले’ अशी भाषा करू नका, आणि त्यावर टक्का तर मुळीच मागू नका. मूल कुठल्या डॉक्टरकडे जाणार ते घरचे ठरवतात. ज्या दिवशी माझ्या सल्ल्याला कमिशनचा वास येईल, त्या दिवशी मैदानावरचा माझा शब्द संपला.

शाळेसमोर बसायचं असेल तर हीच ओळ निरुपयोगी. तिथे विचारतात: सामने रद्द करावे लागले का, पालकांच्या तक्रारी, कायद्याचे कागद. न्यू जर्सीत कन्कशनबद्दल २०१० पासून कायदा आहे. तो रोज पाळणारा माणूस कोण, हे त्यांना सांगावं लागतं.

केव्हा आणि कसं

सगळ्यात जास्त जोर ऑफर आल्यापासून सही करेपर्यंतच्या दिवसांत असतो, जे मी कढीपत्त्यासोबत वाया घालवले. त्यानंतरची चांगली वेळ म्हणजे बजेट बांधलं जात असताना. शाळांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, आकडे वसंत ऋतूत पक्के होतात, म्हणून बोलणं जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करायला हवं. ऑगस्टमध्ये, फुटबॉलचा सराव सुरू झाल्यावर, तुमची गरज सगळ्यात जास्त असते हे खरं. पण तेव्हा पैसे वाटून झालेले असतात.

मी फेब्रुवारी २०२५ मध्ये वेळ मागितली, आणि विषय आधी कळवला. अचानक गाठलेला साहेब नाहीच म्हणतो. त्याला वर कुणाला तरी विचारायचं असतं. आरशासमोर एक वाक्य पाठ केलं: ‘माझ्या भागातले आकडे आणि माझं काम पाहता माझा पगार ५८,००० असावा, असं माझं म्हणणं आहे.’ आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड. आपल्याला सवय असते लगेच पुस्ती जोडायची, ‘म्हणजे जमलं तर, नाही तर काही नाही.’ मी टेबलाखाली अंगठा दाबून धरला होता. घरभाडं, भावाचं लग्न, आईचं ऑपरेशन यांपैकी काही काढायचं नाही. ते खरं असतं, पण त्यांच्या वहीत त्याला रकाना नाही.

साहेब म्हणाले, ‘तुमचं काम उत्तम आहे, पण यंदा सगळ्यांना तीन टक्केच.’ हे ऐकायची तयारी होती. मी विचारलं, ‘मग या पदाच्या किमान-कमाल पगारात माझी जागा कुठली, आणि वर पोचायला काय लागतं?’ आणि पिशवीतून दुसरी यादी काढली. परवान्याची आणि सतत शिक्षणाची फी. कराराबाहेरच्या शनिवारच्या स्पर्धांना तासावर वेगळे पैसे. हिवाळ्यात कुस्ती आणि बास्केटबॉल एकाच वेळी असतात तेव्हा दुसरा ट्रेनर. पगारवाढ एका खात्यातून जाते, प्रशिक्षणाची फी दुसऱ्यातून; एक खातं रिकामं असलं तरी दुसरं असेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोलण्याचा सारांश ईमेलनं पाठवला: काय मागितलं, काय म्हणालात, केव्हा कळवणार. तोंडी आश्वासन देणारा माणूस जूनमध्ये बदलून जातो, ईमेल जात नाही. आणि तसंच झालं. मे महिन्यात ते साहेब गेले, नव्या बाई आल्या, आणि त्यांनी तीच ईमेल उघडून विचारलं, ‘हे काय ठरलं होतं?’

मूळ पगार ५५,५०० झाला. शिक्षणासाठी वर्षाला हजार डॉलर, आणि शनिवारच्या स्पर्धा वेगळ्या. दुसरा ट्रेनर मिळाला नाही. तो मुद्दा पुढच्या फेब्रुवारीच्या कागदावर पहिल्या ओळीत आहे.

परवा कराडची एक मुलगी, ओहायोत मास्टर्स संपवलेली, फोनवर म्हणाली, ‘ताई, ऑफर आलीय, किती मागू?’ मी म्हटलं, ‘आधी सांग, चेकवर नाव कुणाचं येणार? शाळेचं की हॉस्पिटलचं?’ थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, ‘थांब, पत्र परत बघते.’